मृत फार होते म्हणून : युद्ध, दहशतवाद आणि महाराष्ट्रातील ख्रिस्ती प्रार्थना

धागा लांब आहे. बदलापूरपासून निघून वसई, कुलाबा, अहमदनगर आणि कोल्हापूर अशी वळणे घेत तो पुन्हा मध्य रेल्वेच्या रुळांवर येतो. सवडीने वाचावा.

१३ मार्च २००३. रात्री साडेआठनंतर कर्जतकडे निघालेली एक लोकल मुलुंड स्थानकात शिरत असताना तिच्या महिलांच्या डब्यात स्फोट झाला. दहाहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. ही गाडी पुढे कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ करत बदलापूरला थांबली असती. बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यासारख्या वस्तीतून रोज मुंबईस कामाला जाणारी माणसे याच मार्गाने घरी परततात. १२ मार्च १९९३ च्या साखळी स्फोटांना आदल्याच दिवशी दहा वर्षे पूर्ण झाली होती.

ख्रिस्ती पंचांगानुसार तो उपवासकाळ होता. ५ मार्चला भस्मबुधवार झाला होता. इराकवरचे युद्ध टळावे म्हणून त्या दिवशी उपवास आणि प्रार्थना करावी, असे आवाहन पोप जॉन पॉल दुसरे यांनी जगभरच्या कॅथलिकांना केले होते. २० मार्चला युद्ध सुरू झाले. म्हणजे शांततेसाठीची जागतिक प्रार्थना, उपनगरी गाडीतला स्फोट आणि महासत्तेचे आक्रमण या तीन गोष्टी अवघ्या पंधरवड्यात घडल्या.

अशा वेळी एक प्रश्न हमखास विचारला जातो : मग त्या प्रार्थनेचे झाले काय? इतिहासाच्या अभ्यासकाला या प्रश्नाचा फारसा उपयोग नाही. देवाने ऐकले की नाही, याचा पुरावा कोणत्याही दप्तरखान्यात सापडत नाही. सापडते ते निराळे. प्रार्थना कोणी केली, कोणासाठी केली, तिच्यात कोणाची नावे घेतली गेली आणि कोणाची गाळली गेली, हे मात्र शिलालेखांत, तहाच्या कलमांत आणि धर्मपीठाच्या आज्ञापत्रांत स्वच्छ नोंदलेले असते. युद्धकाळातील प्रार्थनेचा इतिहास वाचायचा तो या नावांच्या अंगाने. ‘चर्च म्हणजे साम्राज्याचे शस्त्र’ आणि ‘प्रार्थना म्हणजे निरुपद्रवी शांतिपाठ’ हे समाजमाध्यमांवरचे दोन्ही लाडके निष्कर्ष मग फार काळ तग धरत नाहीत. महाराष्ट्रात त्याचे पुरावे भरपूर आहेत.

आरंभ वसईपासून. १७३९ च्या वेढ्यात दोन्ही बाजूंनी देवाला साकडे घातले गेले होते. चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला होता, असे परंपरा सांगते. वज्रेश्वरीचे देऊळ त्या नवसाची साक्ष मानले जाते. तटाच्या आत पोर्तुगीज आपल्या संतांची आळवणी करत होते. मे महिन्यात किल्ला पडला. चर्चच्या घंटा उतरवून मराठ्यांनी त्या आपल्या मुलखातल्या देवळांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ हे साल आहे. देऊळ मात्र १७४७ चे. ‘नारोशंकराची घंटा’ हा शब्दप्रयोग मराठीत रुळला, पण ती मुळात कोणत्या प्रार्थनेसाठी ओतली गेली होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

या घंटांवर आजवर बरेच लिहिले गेले आहे. त्यामानाने तहाचे एक कलम उपेक्षित राहिले. शरणागतीच्या अटींमध्ये मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेच्या उपासनेची सोय होती : तीन चर्च वसई शहरात, एक बाहेरच्या मुलखात आणि एक साष्टी बेटावर राखायचे होते. ज्या राजवटीने याच प्रदेशात देवळे पाडली, ज्या राजवटीच्या गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन चालले, तिच्याशी झालेल्या युद्धाच्या शेवटी हे कलम लिहिले गेले, हे ध्यानात घेतले पाहिजे. पोर्तुगीज सरदार आणि शिबंदी जहाजांवर चढून निघून गेली. शेतकरी आणि मच्छीमार ख्रिस्ती येथेच राहिले. त्यांची बोली वाडवळी, सामवेदी, म्हणजे याच मातीतली. शत्रूचा धर्म आणि आपली रयत एकाच देहात असू शकतात, हे त्या कलमाने मान्य केले. कागदावरचे कलम आणि गावागावांतील व्यवहार यांत अंतर पडतच असते; तरीही विजेत्याच्या कागदावर पराभूताच्या प्रार्थनेला जागा मिळाली, ही नोंद लहान नाही.

आता कुलाब्याचे अफगाण चर्च. अधिकृत नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. पायाभरणी ४ डिसेंबर १८४७ रोजी झाली आणि ७ जानेवारी १८५८ रोजी बिशप हार्डिंग यांच्या हस्ते चर्चचे पवित्रीकरण झाले. ही दुसरी तारीख थांबून पाहण्याजोगी आहे. दिल्ली पडून चार महिनेही झालेले नव्हते. झाशी अजून राणीच्या हाती होती. मुंबई इलाख्याचे सैन्य मध्य हिंदुस्थानात उतरण्याच्या तयारीत होते. त्याआधी तीनच महिने, ७ ऑक्टोबर १८५७ रोजी, ब्रिटनमध्ये हिंदुस्थानातील उठावानिमित्त राष्ट्रीय उपवास आणि प्रार्थनेचा दिवस पाळला गेला होता. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये चार्ल्स स्पर्जन यांच्या प्रवचनाला २३ हजारांहून अधिक माणसे जमली होती. साम्राज्य गुडघे टेकून बसले होते आणि त्याच वेळी सूडाची भाषाही बोलत होते. एका हातात प्रार्थनापुस्तक आणि दुसऱ्या हातात फाशीचा दोर, हे वर्णन त्या वर्षाला लावले तर अतिशयोक्ती होत नाही.

अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात युद्धकाळासाठी एक स्वतंत्र प्रार्थना फार पूर्वीपासून आहे. शत्रूचा गर्व उतरावा आणि त्याचे बेत फसावेत, अशी तिची मागणी आहे. या प्रार्थनेत शत्रू आहे, पण तो माणूस म्हणून नाही. केवळ उधळायचा एक डाव म्हणून आहे.

परंतु अफगाण चर्चचा खरा ऐवज त्याच्या भिंतींवर आहे. पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत पडलेल्या अधिकाऱ्यांची नावे तेथे नोंदवली आहेत. त्याखाली एक कबुलीही आहे : हे चर्च हुद्देदार आणि साध्या शिपायांचेही स्मारक आहे, मात्र त्यांची संख्या इतकी मोठी की त्यांची नावे अशी नोंदता येत नाहीत. या वाक्यात लबाडी नाही. कोणी तरी प्रामाणिकपणे ते लिहिले असेल. पण त्याचा अर्थ काय होतो, ते पाहावे. मेलेल्यांची संख्या जितकी मोठी, तितकी त्यांच्या नावांना जागा कमी. स्मरणाचा हक्क हुद्द्याप्रमाणे वाटला गेला.

या ‘फार मोठ्या संख्येत’ कोण होते? मुंबई इलाख्याच्या सैन्यात कोकण आणि देशावरचे शिपाई मोठ्या प्रमाणावर होते. १८४० मध्ये बलुचिस्तानच्या मरी टेकड्यांत कहानचा लहानसा किल्ला महिनोन्महिने लढवला तो पाचव्या बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या एका तुकडीने. तीच पलटण पुढे ‘काली पांचवी’ या नावाने ओळखली गेली आणि आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत तिची परंपरा चालू आहे. तिच्या सुटकेसाठी निघालेली कुमक नफुस्क खिंडीत मार आणि तहान या दोहोंनी निकामी झाली. त्या खिंडीत पडलेला सातारा-रत्नागिरीकडचा शिपाई ख्रिस्ती नसणार. त्याला त्या चर्चची प्रार्थना हवी होती की नाही, हा प्रश्न त्याच्यासाठी उरलेलाच नव्हता. पण ज्या वास्तूने त्याच्या मरणावर आपला मनोरा उभारला, तिने त्याला नाव दिले नाही. मनोऱ्याला पैसे देणाऱ्यांत कावसजी जहांगीर रेडीमनी हे पारशी दाते होते. त्यांचे नाव इतिहासाला ठाऊक आहे. कुलाब्याला गेल्यावर त्या चर्चच्या रंगीत काचांची छायाचित्रे पुष्कळ जण काढतात. त्या ओळीचे छायाचित्र क्वचितच कोणी काढतो.

१८५८ मध्ये मृत फार होते म्हणून नावे गळाली. पुढच्या पिढ्यांत मृतांची संख्या कैक पटींनी वाढली, तेव्हा मात्र एका वेगळ्या धर्मपीठाने याच अडचणीला वेगळे उत्तर दिले. त्या उत्तराची वाट महाराष्ट्रातल्या नगर जिल्ह्यावरूनही जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबई-पुण्याचे कॅथलिक मिशन जर्मन जेझुइटांच्या हाती होते. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ मध्ये त्यांनीच काढले. नगर जिल्ह्यातील संगमनेर-राहुरी भागात मराठी बोलत फिरणारे धर्मगुरू हेच. १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध जाहीर झाले आणि ही माणसे एका दिवसात शत्रुराष्ट्राची प्रजा ठरली. अहमदनगरला जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांसाठी नजरबंदीची छावणी उघडली गेली. काही जेझुइटांना तेथे ठेवले गेले, काहींना खंडाळ्यात. ज्या जिल्ह्यात लोक त्यांना ‘फादर’ म्हणून हाक मारत, त्याच जिल्ह्यात त्यांच्याभोवती तारेचे कुंपण आले. पुढे ‘गोलकोंडा’ या जहाजाने १९१५ च्या अखेरीस आणि १९१६ च्या पूर्वार्धात दोन फेऱ्या करून जर्मन मिशनऱ्यांना हिंदुस्थानाबाहेर नेले. मुंबईचे आर्चबिशप हर्मन युर्गन्स स्वतः जर्मन होते. ते सप्टेंबर १९१६ मध्ये वारले आणि पीठ तीन वर्षे रिकामे राहिले. डिसेंबर १९१९ मध्ये इंग्रज जेझुइट अल्बन गुडियर त्यावर आले.

(इतिहासप्रेमींसाठी थोडे विषयांतर. जर्मन गेल्यामुळे पडलेली पोकळी भरून काढण्यासाठी १९२० च्या दशकात स्पॅनिश जेझुइट मुंबईला आले. त्यांच्यातले एक हेन्री हेरास. १९२६ मध्ये त्यांनी स्थापलेली इतिहास संशोधन संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. मुंबईतील इतिहाससंशोधनाची एक मोठी परंपरा अशी एका हद्दपारीतून उगवली.)

छावणीतल्या त्या जर्मन पुरोहिताने मिस्सा अर्पण करताना कोणासाठी प्रार्थना करायची? कैसरच्या विजयासाठी करावी, तर बाहेर ज्यांच्यात आयुष्य काढले ते ब्रिटिश सम्राटाचे प्रजाजन. ब्रिटिशांसाठी करावी, तर सख्खे भाऊ पश्चिम आघाडीवर समोरच्या खंदकात. मिस्साची भाषा लॅटिन होती. ती कलोनमध्ये आणि खंडाळ्यात अक्षर न बदलता म्हटली जाई. जर्मन सैनिकांच्या कमरपट्ट्यांवर ‘देव आमच्याबरोबर’ अशी अक्षरे होती आणि पलीकडच्या बाजूला इंग्लंडमध्येही विजयासाठी प्रार्थनेचे दिवस पाळले जात होते. राष्ट्रांनी देवाला सैन्यात भरती करून घेतले होते. धर्मगुरूंना मात्र एकच प्रार्थना दोन्ही बाजूंसाठी म्हणणे भाग होते.

नेमक्या याच काळात रोममध्ये दोन गोष्टी घडल्या. पोप बेनेडिक्ट पंधरावे हे तटस्थ राहिल्याबद्दल दोन्ही बाजूंच्या शिव्या खात होते. फ्रेंचांना ते जर्मनधार्जिणे वाटत, तर जर्मनांना फ्रेंचधार्जिणे. १० ऑगस्ट १९१५ रोजी त्यांनी एक आज्ञापत्र काढले : २ नोव्हेंबरला, म्हणजे सर्व मृतांच्या स्मरणदिनी, प्रत्येक पुरोहिताला तीन मिस्सा अर्पण करता येतील. सामान्यतः पुरोहिताला दिवसाला एकच मिस्सा अर्पण करता येई. तीन मिस्सांची सवलत स्पेन-पोर्तुगालसारख्या प्रदेशांपुरती होती, ती आता साऱ्या चर्चला मिळाली. कारण सरळ होते. मृत फार होते. या तीन मिस्सांपैकी एक पुरोहिताच्या इच्छेनुसार ठरवलेल्या हेतूसाठी, एक पोपच्या हेतूंसाठी आणि एक सर्व श्रद्धावंत मृतांसाठी असे ठरले. त्या तिसऱ्या मिस्सेत फ्रेंच आणि जर्मन अशी वाटणी नव्हती, अधिकारी आणि शिपाई अशीही नव्हती. कुलाब्याच्या भिंतीशी ही गोष्ट ताडून पाहावी. तेथे संख्या मोठी म्हणून नावे वगळली गेली. येथे संख्या मोठी म्हणून प्रार्थनाच वाढवली गेली.

अर्थात ‘श्रद्धावंत’ या शब्दाला कुंपण आहेच. सातारच्या शिपायाला त्यातही जागा नव्हती. कोणतीही प्रार्थना कोणाला तरी बाहेर ठेवते. कोणाला ठेवते, हे पाहणे अभ्यासकाचे काम.

दुसरी गोष्ट जानेवारी १९१६ ची. शांततेचे साधन होण्याची याचना करणारी एक लहानशी प्रार्थना व्हॅटिकनच्या ‘लोस्सेर्व्हातोरे रोमानो’ या वृत्तपत्रात छापून आली. आज ती असिसीच्या संत फ्रान्सिसची म्हणून जगभर म्हटली जाते. १९७९ मध्ये मदर तेरेसा यांनी नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात ती श्रोत्यांकडून म्हणवून घेतली. दहशतवादी हल्ल्यानंतरच्या सर्वधर्मीय सभांत ती हमखास असते. पण ती तेराव्या शतकातली नाही. पॅरिसच्या ‘ला क्लोशेत’ या नियतकालिकात ती १९१२ मध्ये प्रथम छापली गेली, तीही कर्त्याच्या नावाशिवाय. युद्धाने तिला पंख दिले आणि नंतर कोणी तरी तिला संताचे नाव लावले. खोटा इतिहास म्हणून तिची चेष्टा करणारे आढळतात. चूक दुरुस्त करावीच, परंतु एका गोष्टीची दखलही घ्यावी : या प्रार्थनेत शत्रूचा उल्लेखच नाही, आणि म्हणून ती सीमा ओलांडू शकली.

आता कोल्हापूर. महाराष्ट्रातील युद्धकालीन ख्रिस्ती प्रार्थनेचे सर्वांत हृद्य प्रकरण तेथे वळिवड्याला घडले, आणि त्याचा शेवट उल्हासनगरकरांना ओळखीचा वाटेल.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत संघ तुटून पडले. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधील लाखो माणसांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि मध्य आशियात नेण्यात आले. १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला, तेव्हा मॉस्कोने पोलिश कैद्यांची सुटका मान्य केली. जनरल अँडर्स यांच्या सैन्यामागोमाग हजारो स्त्रिया आणि मुले १९४२ मध्ये कास्पियन ओलांडून इराणला पोहोचली. तेथून काही मुले जामनगरजवळच्या बालाचडीला आली. आणि १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली. तिच्यात बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. शाळा होत्या, स्काउट पथके होती, नाटके होत. आणि चर्च होते.

पोलिश कॅथलिक धर्मात प्रार्थना आणि राष्ट्र यांची वीण फार घट्ट आहे. १६५६ मध्ये स्वीडिश आक्रमणाच्या ऐन संकटात राजा यान काझिमिएश याने ल्वूव शहरात मरियेला पोलंडची राणी म्हणून घोषित केले. वळिवड्यातील अनेकांची घरे त्याच ल्वूवच्या आसपासची. त्यांच्या एका प्रसिद्ध प्रार्थनागीताचा इतिहास तर विलक्षण आहे. १८१६ मध्ये ते लिहिले गेले ते रशियाच्या झारसाठी, कारण तेव्हा तोच पोलंडचा राजा होता. पुढे लोकांनी त्यातून राजा काढून टाकला आणि तेच गीत झारविरुद्ध गायले जाऊ लागले. देश स्वतंत्र असला की त्याच्या ध्रुपदात देशाला आशीर्वाद मागायचा. देश परक्यांच्या हाती असला की देश परत मागायचा. एका क्रियापदाचा फरक. ते गीत कसे म्हटले जात आहे, एवढ्यावरून पोलंडची राजकीय स्थिती कळावी, असा हा दस्तऐवज आहे.

वळिवड्याला वस्ती होत होती त्याच वर्षी, एप्रिल १९४३ मध्ये, कातिनच्या जंगलातील पोलिश अधिकाऱ्यांच्या सामूहिक कबरींची बातमी जगापुढे आली. मारेकरी सोव्हिएत होते. पण सोव्हिएत संघ आता ब्रिटनचा दोस्त होता, आणि निर्वासितांना आसरा ब्रिटिश हिंदुस्थानात मिळालेला. लंडनच्या मुत्सद्द्यांना ते नाव घेणे अवघड होते. मृतांसाठी मिस्सा अर्पण करायला मात्र परराष्ट्र खात्याची परवानगी लागत नाही. येथे प्रार्थनेचे एक कार्य स्पष्ट दिसते, जे सत्तेचे शस्त्रही नाही आणि मनाचा विरंगुळाही नाही. सरकारी निवेदनांत ज्यांना जागा नसते, त्यांची नावे ती उच्चारते. कुलाब्याच्या चर्चच्या नेमके उलट.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला तीन बड्या नेत्यांनी पोलंडची सीमा पश्चिमेकडे सरकवली. ल्वूव सोव्हिएत संघात गेले. युद्ध जिंकले गेले, पण वळिवड्यातल्या माणसांची घरे जिंकणाऱ्यांच्या नकाशातून नाहीशी झाली. जुलैत ब्रिटनने लंडनमधील पोलिश निर्वासित सरकारची मान्यताही काढून घेतली. परत जाण्यासाठी केलेल्या इतक्या प्रार्थनांचे फळ हे! १९४८ पर्यंत ही माणसे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा दूरच्या देशांत पांगली. काही कोल्हापूरच्या दफनभूमीत राहिली. शहरातल्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातील कोल्हापूर स्मारकाला भेट दिली, तेव्हा बऱ्याच मराठी तरुणांनी हा इतिहास प्रथमच ऐकला.

रिकाम्या झालेल्या त्या छावणीत मग सिंधी निर्वासित आले. वळिवड्याची ती वसाहत आज गांधीनगर म्हणून कापडाच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध आहे. इकडे कल्याणच्या युद्धकालीन लष्करी छावणीतही फाळणीनंतर सिंधी कुटुंबे आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे उल्हासनगर झाले. नाव त्या नदीचे, जी बदलापूरवरून वाहत जाते. दोन छावण्या, दोन्ही महायुद्धाच्या, दोन्ही घर हरवलेल्यांच्या. सिंधूकाठच्या झुलेलालाची आळवणी तेथे सुरू झाली. ल्वूवला परत जाण्याची प्रार्थना आणि सक्कर-शिकारपूरला परत जाण्याची प्रार्थना एकाच कोल्हापुरी मातीत, काही महिन्यांच्या अंतराने केली गेली. दोन्ही अपुऱ्या राहिल्या. ज्यांना धर्मांच्या इतिहासात केवळ संघर्ष दिसतो, त्यांनी गांधीनगरला एक फेरी मारायला हरकत नाही.

युद्धाला निदान शेवट असतो. कोणी तरी तहावर सही करतो, कैदी सुटतात. दहशतवादाचे तसे नाही. त्याच्या शत्रूला गणवेश नसतो. म्हणून संशय पसरत पसरत शेजाऱ्यापर्यंत येतो. मुलुंडच्या स्फोटानंतर ज्या मार्गावर मुंब्राही आहे आणि उल्हासनगरही, त्या मार्गावरच्या डब्यात माणसे एकमेकांच्या पिशव्यांकडे पाहू लागतात. अशा वेळी ‘शत्रूसाठी प्रार्थना करा’ ही मत्तयच्या शुभवर्तमानातील आज्ञा व्यवहारात शेजाऱ्याविषयीची आज्ञा होऊन बसते.

या आज्ञेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो रास्त आहे : खुन्यासाठी प्रार्थना म्हणजे खुन्याला माफी नव्हे काय? उत्तर फार जुने आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेत काही पंथवेड्यांनी एका कॅथलिक पुरोहिताला ठार केले, दुसऱ्याला विद्रूप केले. गुन्हेगार पकडले गेले, त्यांनी कबुली दिली. हिप्पोचे बिशप ऑगस्टिन यांनी अधिकारी मार्सेलिनस यांना पत्र लिहिले. त्यात गुन्हेगारांच्या सुटकेची मागणी नव्हती. त्यांना रोखावेच, परंतु आमच्या माणसांच्या रक्ताचा बदला त्यांच्या रक्ताने घेऊ नये, असा त्याचा आशय होता. न्याय आणि सूड यांतली रेषा त्यांनी पीडितांच्या बाजूने उभे राहून आखली. हे सांगण्याचा अधिकार त्यांना होता. लांबून उपदेश करणाऱ्याला तो नसतो.

असाच अधिकार १९४० मध्ये कॉव्हेंट्रीच्या रिचर्ड हॉवर्ड यांना होता. १४ नोव्हेंबरच्या रात्री जर्मन विमानांनी त्यांचे कॅथीड्रल जाळले. त्याच नाताळात त्यांनी भग्नावशेषांतून रेडिओवर बोलताना सूडाचा विचार नाकारला. पुढे तेथल्या वेदीमागच्या भिंतीवर क्षमायाचनेचे दोनच शब्द कोरले गेले. क्रुसावरच्या येशूच्या उद्गारात ‘त्यांना’ हे सर्वनाम आहे. हॉवर्ड यांनी ते मुद्दाम गाळले. क्षमा कोणाला, हे मोकळे ठेवले. जाळणाऱ्यांना, आणि पुढे ड्रेस्डेन जाळणाऱ्यांनाही. गाळलेल्या नावांचा हा बहुधा एकच असा दाखला, ज्यात गाळण्यामुळे जागा वाढली.

मुंबईवरचा २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला २९ तारखेच्या सकाळी ताज हॉटेलात संपला. १६६ माणसे गेली. दुसरा दिवस रविवार होता, आणि ख्रिस्ती पंचांगात आगमनकाळाचा पहिला रविवार. कुलाब्यात दहशतवादी ज्या किनाऱ्यावर उतरले, तेथून अफगाण चर्च काही फार दूर नाही. त्या आठवड्यात शहरातील मुस्लीम संस्थांनी नऊ हल्लेखोरांचे मृतदेह आपल्या दफनभूमीत पुरण्यास नकार दिला. त्या नकारामागची वेदना आणि धैर्य दोन्ही समजण्यासारखी आहेत; साऱ्या समाजावर येऊ घातलेला डाग त्यांना त्या क्षणी झटकायचा होता. ख्रिस्ती परंपरेची मागणी मात्र येथे अधिक अवघड होते. ती सन्मानाने दफन करा असे म्हणत नाही, खटला चालवू नका असेही म्हणत नाही. ती फक्त मृतांच्या यादीत एक ओळ कोरी ठेवायला सांगते. बहुतेक ख्रिस्ती माणसांनाही हे जमत नाही, आणि जमले नाही म्हणून त्यांना बोल लावणे हा अप्रामाणिकपणा ठरेल.

कॅथलिकांमध्ये नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना आहे. कुटुंबे आपल्या गेलेल्या माणसांची नावे कागदावर लिहून चर्चमध्ये देतात. २ नोव्हेंबरला पुरोहिताला आजही तीन मिस्सा अर्पण करता येतात, वसईला, नगरला आणि कल्याणच्या पलीकडच्या उपनगरांतही. तिसरी मिस्सा का, असे विचारले तर बरेच जण ‘पूर्वीपासूनची पद्धत आहे’ एवढेच सांगतात. ती पद्धत १९१५ ची आहे, आणि तेव्हा नगरच्या छावणीत तारेच्या आत काही जर्मन धर्मगुरू होते.